लॉकर सोडतो कसा, ते आधी बघा

डिफरन्शिअल म्हणजे एका ॲक्सलच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची रचना, आणि खडबडीत वाटेवर ती जखडून दोन्ही चाकं एकत्र फिरवतो तो लॉकर. असा लॉकर घ्यायचा म्हटलं की बोलणं लगेच एकाच दिशेला जातं. धरतो किती घट्ट? किती टॉर्कला तुटतो? कुणाच्या गाडीत कुठला आहे? खरं तर धरायचं काम बहुतेक लॉकर व्यवस्थित करतात. एकदा लागला की तो दोन हाफ शाफ्ट, म्हणजे चाकांपर्यंत जाणारे दांडे, एकत्र जखडणारा पोलादी ठोकळाच, त्यात डावं-उजवं करण्यासारखं फार उरत नाही. फरक पडतो तो सुटण्यात. कधी सुटतो, कुणाच्या हुकमावर सुटतो, सुटताना गाडीला काय करतो, आणि बिघडला तर कुठल्या अवस्थेत अडकून बसतो. मागच्या ॲक्सलसाठी लॉकर निवडताना मी हे चार प्रश्न धरून बसले होते.

माझी गाडी छोटी आहे. आखूड व्हीलबेस, लॅडर फ्रेम, पुढे-मागे दोन्हीकडे सॉलिड ॲक्सल, पार्ट-टाइम फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर फक्त लावला तेव्हाच. माणसं आणि सामान धरून वजन तेराशे किलोच्या आसपास. हीच गाडी मला रोज कामावर नेते, हे महत्त्वाचं. ट्रेलरवर टाकून फक्त खडकांवर चढवायला न्यायची गाडी असती तर ही पोस्ट निम्म्याने छोटी झाली असती. कामाचं म्हणाल तर मी गिअर तपासणीत आहे. दात मोजायचे, बॅकलॅश म्हणजे दातांमधली मोकळीक घ्यायची, रंग लावून दातांवरचा ठसा वाचायचा, हा दिवसभराचा उद्योग. त्यामुळे डिफरन्शिअल उघडायची मला भीती नाही. घरच्यांना माझी आहे.

साधा, म्हणजे ओपन डिफरन्शिअल काय करतो याबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. 'जे चाक घसरतं, त्यालाच सगळी ताकद जाते' असं सर्रास म्हणतात. तसं होत नाही. घर्षण सोडलं तर ओपन डिफ दोन्ही चाकांना कायम सारखाच टॉर्क देतो, वेग मात्र वेगवेगळा होऊ देतो. ग्यानबाची मेख त्या 'सारखाच' शब्दात आहे. हवेत लटकलेलं चाक फिरवायला समजा ४० न्यूटन-मीटर पुरतात. मग खडकावर घट्ट बसलेल्या दुसऱ्या चाकालाही तेवढेच ४० मिळणार. त्याला लागतात सहाशे. तुम्ही ॲक्सिलरेटर दाबा, इंजिन ओरडेल, हवेतलं चाक भिरभिरेल आणि खडकावरचं ढिम्म हलणार नाही. फोर बाय फोर लावून पुढचा-मागचा ॲक्सल जोडला तरी एका कर्णावरची दोन चाकं, म्हणजे पुढचं डावं आणि मागचं उजवं, उचलली गेली की पुन्हा तेच. दोन्ही ॲक्सल आपापल्या रिकाम्या चाकाशी खेळत बसतात.

ही रचना गाड्यांसाठी आणली ती ओनेसिफोर पेकर या फ्रेंच घड्याळजीने, १८२०च्या दशकात, वाफेवर चालणाऱ्या गाडीकरता. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, हा त्याच्यापुढचा प्रश्न. तो त्याने इतका नेटका सोडवला की आजही बहुतेक गाड्यांत तेच तत्त्व आहे. चाक हवेत जाणं हा त्याचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे त्याला बोल लावण्यात अर्थ नाही.

लॉकरकडे वळण्याआधी टायरमधली हवा. रस्त्यावर ३० पीएसआय चालत असेल तर चिखलात, वाळूत, दगडांत १८ पर्यंत उतरवून बघा, वाळूत त्याहूनही खाली. टायर पसरतो, दगडाला बिलगतो आणि 'लॉकर हवाच' वाटणाऱ्या निम्म्या जागा आपसूक पार होतात. मग सस्पेन्शन. पुढचा अँटी-रोल बार, म्हणजे गाडी कलू नये म्हणून दोन चाकांना जोडणारी सळई, सोडता येत असेल तर सोडा, चाक जितकं खाली लोंबेल तितकं जमिनीवर राहील. जमिनीवर टेकलेल्या चाकाला लॉकरची गरज कमीच लागते. पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असलेल्या गाड्या चाकं लवकर उचलतात, त्यांचं गणित वेगळं.

आता ट्रॅक्शन कंट्रोल. नव्या गाड्यांत घसरणाऱ्या चाकाला एबीएसमधून ब्रेक लावला जातो. त्या चाकाला फिरायला जास्त टॉर्क लागू लागतो, म्हणून दुसऱ्याला पण तेवढाच मिळतो. ओपन डिफच्या समान वाटपाच्या नियमाचाच वापर करून त्यालाच चकवणारी ही युक्ती मला मनापासून आवडते. चांगली जमलेली यंत्रणा असेल तर कित्येकांना लॉकर घ्यायची गरज नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. पण ती आधी चाक घसरू देते आणि मग जागी होते. ओल्या मातीत चाकाने दोन फेरे मारले की खाली खड्डा तयार. लांबलचक चढावर ब्रेक तापतात ते वेगळंच. शिवाय इंजिनाची थोडी ताकद ब्रेक खाऊन टाकतात, आणि छोट्या इंजिनाच्या गाडीला ते जाणवतं.

लिमिटेड स्लिप, म्हणजे चाकांच्या वेगातला फरक मर्यादेतच होऊ देणाऱ्या प्रकाराबद्दल थोडक्यात. क्लच प्लेटवाला असेल तर त्यात आधीचा थोडा ताण असतो, पण प्लेटा झिजतात, आणि तेलात फ्रिक्शन मॉडिफायर घालावा लागतो. टॉर्सन हा गिअरवाला प्रकार. व्हर्नन ग्लीझमन या अमेरिकन माणसाचं त्याचं पेटंट १९५८चं. झिजायला प्लेटा नाहीत, रस्त्यावर कळतसुद्धा नाही, एक गिअरवाली म्हणून मला तो फार देखणा वाटतो. तो कमी पकडीच्या चाकाला जितका टॉर्क झेपतो त्याच्या अडीच-तीन पट दुसऱ्याला देतो. पण चाक हवेत असेल तर कशाची अडीच पट? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. डाव्या पायाने हलका ब्रेक दाबला तर हवेतल्या चाकाला थोडा विरोध मिळतो आणि गुणाकाराला आकडा मिळतो, हे खरं आहे आणि चालतंही. बर्फाळ रस्ता, खडीचा रस्ता, पावसाळी घाट यांसाठी मी डोळे मिटून टॉर्सन सुचवेन. मोठ्या दगडांत नाही.

म्हणजे लॉकर. त्यातही स्पूल हा प्रकार बाजूला काढू, तो कधी सुटतच नाही. दोन्ही चाकं कायमची बांधलेली. रोजच्या गाडीत तो बसवणाऱ्याने टायरवाल्याशी नातं जोडून घ्यावं.

खरी चर्चा आपोआप लागणाऱ्या लॉकरपाशी सुरू होते, आणि आमच्या घरात ती बराच काळ चालली. माझ्या दिराच्या गाडीत मागे असा लॉकर आहे आणि त्यांचं त्याच्यावर अतोनात प्रेम आहे. "वहिनी, बटण कशाला हवं? वायर नाही, कॉम्प्रेसर नाही, बिघडायला काही नाही. तुम्ही नुसतं चालवायचं." त्यांचा मुद्दा खोटा नाही. आपोआप लागणाऱ्या लॉकरमध्ये दोन मोठ्या तऱ्हा. एक म्हणजे डेट्रॉइट लॉकरसारखा, स्वतःच्या आख्ख्या कॅरिअरसकट, म्हणजे डिफचे गिअर पोटात घेऊन फिरणाऱ्या कवचासकट येणारा, भक्कम. दुसरा 'लंचबॉक्स' म्हणतात तो. त्यात गाडीचं मूळ कॅरिअर तसंच राहतं, आतले स्पायडर गिअर (मधले छोटे) आणि साइड गिअर (शाफ्टवरचे) काढून त्यांच्या जागी दातेरी तबकड्या बसवायच्या. क्राऊन आणि पिनियन, म्हणजे इंजिनाचा जोर ॲक्सलमध्ये आणणारी गिअरची जोडी, यांच्या जुळणीला हात लागत नाही, म्हणून घरच्या घरीही बसतो. पण ताकद मूळ कॅरिअरच्या पलीकडे जात नाही, आणि तुमचं कॅरिअर त्याला चालतं का ते आधी तपासावं लागतं.

हे लॉकर सुटतात कसे? इंजिनाचा जोर आला की दोन्ही बाजू धरतात. वळणावर बाहेरचं चाक कॅरिअरपेक्षा वेगाने पळू लागलं की त्या बाजूचे दात एकमेकांवरून उड्या मारत सुटतात. तो टकटक आवाज हीच त्याची ओळख. म्हणजे वळणावर जोर फक्त आतल्या चाकाला. तुम्ही वळणाच्या मध्यात ॲक्सिलरेटर सोडला की इंजिनाचा ब्रेक बाहेरच्या चाकावर जातो, आतलं सुटतं. काम या कुशीवरून त्या कुशीवर जाताना मधला सगळा लूज एका क्षणात भरून निघतो, आणि गाडीची शेपटी हलकासा हिसका देते. लांब व्हीलबेसच्या जड गाडीत हे चालकाला सवयीने कळेनासंही होतं. आखूड गाडीत, मॅन्युअल गिअरबॉक्सवर, ओल्या डांबरी वळणावर मात्र चांगलंच कळतं. भावोजींची गाडी मी चालवली आहे. त्यांना तो हिसका आता ऐकूही येत नाही, मला प्रत्येक वळणावर ऐकू येतो. बिघाड नाही तो, त्या यंत्राचा स्वभाव आहे. पण रोज कामावर जाताना मला त्या स्वभावाशी जुळवून घ्यायचं नव्हतं.

या दोहोंच्या मधला एक प्रकारही आहे, जो कारखान्यातूनच काही पिकअप आणि एसयूव्हींच्या मागच्या ॲक्सलला येतो. ईटनचा मेकॅनिकल लॉकर. एरवी ओपनसारखा. दोन चाकांच्या वेगात मिनिटाला साधारण शंभर फेऱ्यांचा फरक पडला की आतली छोटी वजनं बाहेर फेकली जातात, खटका अडकतो आणि तो लॉक होतो. गाडीचा वेग वाढलेला असेल तर लॉक होऊच देत नाही. रस्त्यावर याचा काहीच त्रास नाही. मात्र लागतो तो चाक घसरल्यावर, तोही ठोका देऊन. सावकाश, हळुवार चालवणाऱ्याला तो लावण्यासाठी मुद्दाम चाक फिरवावं लागतं. मला उलटं वाटतं: चाक फिरायच्या आधीच लॉकर लागलेला असावा.

पण माझं मत पक्कं केलं ते आडव्या उताराने. यावर फारसं कुणी बोलत नाही म्हणून जरा सविस्तर सांगते.

ओली चिकणमाती, वाट एका बाजूला कललेली, खालच्या अंगाला घसरण. टायरची पकड म्हणजे एकच ठेव असते. ती पुढे ढकलायला वापरा किंवा आडवं टिकून राहायला वापरा, दोन्हीत वाटून जाते. चाक एकदा जागच्या जागी फिरू लागलं की त्याची आडवी पकड जवळजवळ संपली. ओपन डिफमध्ये एक चाक फिरतं, दुसरं थांबून किंवा सावकाश सरकत राहतं. ते दुसरं चाक गाडीचं मागचं टोक वाटेवर धरून ठेवतं. गाडी पुढे जाईना, पण खालीही जात नाही. आता तीच गाडी लॉक करा. दोन्ही मागची चाकं एकदम फिरू लागतात, दोन्हींची आडवी पकड एकदम जाते, आणि मागचं टोक सरळ उताराकडे निघतं. जिथे थांबणं पुरेसं होतं तिथे लॉकरने तुम्हाला कडेला नेलं.

अशा जागी मला हात लांब करून लॉकर सोडता यायला हवा, ताबडतोब, गाडीचं मत न विचारता. आपोआप लागणाऱ्या लॉकरला पुढे सरकायला जोर द्यावाच लागतो, आणि जोर दिला की तो लागतो. सोडण्याचा अधिकार चालकाकडे नाहीच. हे भावोजींना सांगितल्यावर ते म्हणाले, "आडव्या उतारावर जातंय कोण?" आम्ही जातो. ते आमच्या मागून येतात.

म्हणजे हवा तेव्हा लावायचा, हवा तेव्हा सोडायचा असा. लागलेला नसताना हा अगदी साधा ओपन डिफ असतो. रस्त्यावर गाडीचा स्वभाव बदलत नाही, एबीएस आणि स्टॅबिलिटी कंट्रोल गोंधळत नाहीत. हे काही नवं खूळ नाही. मर्सिडीजच्या जी-क्लासमध्ये मधला, मागचा आणि पुढचा असे तीन लॉक कारखान्यातूनच मिळतात. जीप रँग्लर रुबिकॉन २००३ मध्ये आली तीच पुढे-मागे लॉकर घेऊन. आता प्रश्न उरतो लावायची ताकद कुठून आणायची हा: तार, विजेची मोटर, विद्युतचुंबक की हवा.

तारेवर चालणारा लॉकर मला प्रामाणिक वाटतो. हाताने ओढला की लागतो, सोडला की स्प्रिंग परत ओढते. पण तार गाडीखालून जाते, तिच्यात चिखल शिरतो आणि ती जड होते.

मोटर आणि काटा असलेला प्रकार टोयोटाने अनेक मॉडेलांत वापरला आहे. मोटर काटा सरकवते, काटा दातेरी कडं सरकवतो. मजबूत आहे, पण बिघडला तर जिथे आहे तिथेच राहतो. लागलेला असताना मोटर गेली तर लागलेलाच. मोटर ॲक्सलच्या बाहेर, पाण्या-चिखलात. बराच काळ वापरलीच नाही तर गंजून आवळते. ज्यांच्याकडे हा आहे त्यांनी गरज असो-नसो, अधूनमधून मोकळ्या मातीत लावून-सोडून बघत राहावं.

विद्युतचुंबकवाल्यात एक वायर, एक रिले, एक स्विच, बस. वीज गेली की सुटतो, हे मला पटलं होतं आणि माझं मन जवळपास तिकडे झुकलंही होतं. पण त्यातल्या काही रचनांमध्ये दात धरण्यासाठी उतरत्या खाचांमधल्या गोळ्यांचा आधार घेतलेला असतो. अशा रचनेत पुढून मागे दिशा बदलली की लॉक क्षणभर सुटतो आणि चाक थोडं फिरल्यावर पुन्हा धरतो. रुतलेली गाडी मागे-पुढे झुलवत काढताना नेमकी दिशाच बदलत असते. फार मोठी गोष्ट नाही ही, आणि नव्या रचनांमध्ये त्यावर उपायही आलेत. पण माझा निकष सुटण्याचा होता, आणि हा मी न सांगता सुटत होता.

राहिला हवेवरचा. एआरबी या ऑस्ट्रेलियन कंपनीचा एअर लॉकर सगळ्यांना माहीत आहे. तिने १९८७ मध्ये रॉबर्ट्स नावाच्या डिफ-लॉकचा व्यवसाय विकत घेतला आणि त्यातून तो वाढवला. तत्त्व सोपं: कॉम्प्रेसरमधून साधारण १०० पीएसआयची हवा बारीक नळीतून डिफमध्ये जाते, पिस्टन एक दातेरी कडं ढकलतो, एका बाजूचा साइड गिअर कॅरिअरला जखडला जातो. साइड गिअर एकदा कॅरिअरला बांधला की स्पायडर फिरूच शकत नाहीत, म्हणजे दुसरी बाजूही आपोआप बांधली गेली. हवा सोडली की स्प्रिंगा कडं मागे लोटतात. पुढे जा, मागे या, लॉक तसाच राहतो. नळी तुटली, कॉम्प्रेसर मेला, फ्यूज उडाला, तर गाडी ओपन डिफवर परत येते आणि घरी जाते. कॉम्प्रेसरने टायरमध्ये परत हवा भरता येते हा वरचा फायदा, आणि खरं सांगायचं तर कॉम्प्रेसरचा उपयोग लॉकरपेक्षा त्यासाठीच जास्त होतो.

मी हाच घेतला, पण त्याचं दुखणंही माहीत असावं. फिरत्या कॅरिअरमध्ये हवा नेण्यासाठी ओ-रिंगा लागतात, आणि त्या गेल्या की हवा डिफमध्ये गळते. मग ब्रीदरमधून, म्हणजे डिफमधला दाब बाहेर सोडणाऱ्या तोंडातून, तेल फेकलं जातं, किंवा उलट तेल नळीतून व्हॉल्व्हपर्यंत चढतं. लॉकर लावून गाडी उभी असताना कॉम्प्रेसर पुन्हा पुन्हा सुरू होत असेल तर कुठेतरी गळती आहे असं समजायचं. नळी एक्झॉस्टपासून लांब न्यावी आणि ॲक्सल पूर्ण खाली लोंबला तरी ताणली जाणार नाही इतकी ढील ठेवावी. लॉकर नीट असून नळीच्या वाटेने दगा देतो.

आता ताकदीचं बोलू, कारण 'लॉकर लावला की हाफ शाफ्ट तुटतो' हे वाक्य प्रत्येकाने ऐकलेलं असतं. ढोबळ हिशेब करू. इंजिन १३० न्यूटन-मीटर, पहिला गिअर ४, लो रेंज (सावकाश, जोरकस चालीचा जादा गिअर) २.५, फायनल ड्राइव्ह (क्राऊन-पिनियनचं प्रमाण) ४. गुणाकार ५,२००. ओपन डिफमध्ये ॲक्सलकडे आलेल्यातला अर्ध्याहून जास्त वाटा एका शाफ्टला कधी मिळत नाही. लॉक असताना आणि बाकी चाकं हवेत असताना एका शाफ्टवर सगळं येऊ शकतं. पण टायर तेवढं घेईल तर ना! उभ्या चढावर एका मागच्या चाकावर ६०० किलो आले, पकड ०.८ धरली, टायरची त्रिज्या ३५ सेंटिमीटर, तर साधारण १,६५० न्यूटन-मीटरला टायर घसरतो. म्हणजे शाफ्टला खरा धोका इंजिनाचा नाही, पकडीचा आणि टायरच्या आकाराचा आहे. त्रिज्या ३५ची ४२ करा, तोच आकडा एक पंचमांशाने वाढला. आणि चाक दोन दगडांच्या फटीत अडकलं की घसरायची सोयच उरत नाही. तिथे ५,२०० मधले हवे तेवढे शाफ्टवर येतात. तुटतं ते तिथेच. त्यामुळे मोठे टायर आणि लॉकर एकदम घ्यायचे असतील तर शाफ्टचाही विचार त्याच यादीत असू द्या. मी टायर मूळ मापाच्या जवळचेच ठेवले, शाफ्टही मूळचेच.

पुढे की मागे, या प्रश्नावर माझं उत्तर बहुतेकांसारखंच, मागे. चढावर वजन मागे जातं, पकड तिथे असते, आणि स्टिअरिंगला काही होत नाही. पुढच्या लॉकरचे फायदे मी नाकारत नाही. दगडी पायरीवर पुढचं चाक स्वतःला वर ओढून घेतं, उतरताना पुढची दोन्ही चाकं एकत्र धरतात. पण पुढे लॉक लावलात की गाडी सरळच जायचं म्हणते, स्टिअरिंग लोखंडासारखं होतं, आणि वळवलेल्या चाकावर जोर दिला की पुढचा सीव्ही जॉइंट, म्हणजे वळलेल्या चाकाला फिरवणारा सांधा, सर्वांत वाईट कोनात सर्वांत जास्त भार घेतो. फुल-टाइम फोर बाय फोर गाडीत पुढे आपोआप लागणारा लॉकर टाकण्याबद्दल मी काही बोलतच नाही.

बसवण्याचं काम मी आणि एका ओळखीच्या फिटरने मिळून केलं. कॅरिअरसकट येणारा कुठलाही लॉकर घेतलात तर बसवणाऱ्याच्या हातावर सगळं अवलंबून, लॉकरच्या नावावर कमी. म्हणून बाहेर काम देणार असाल तर काय विचारायचं तेवढं सांगते. पहिलं, जुना डिफ उघडायच्या आधी बॅकलॅश मोजून ठेवला का, आणि दातांवरचा ठसा घेतला का? चाललेल्या क्राऊन-पिनियनने एकमेकांत घर केलेलं असतं. नव्या जोडीसाठीचा पुस्तकी ठसा त्यांच्यावर मिळेलच असं नाही. आपल्याला त्यांना होते तिथेच परत बसवायचं असतं. तो जुना ठसा नसेल तर परत कुठे जायचं ते कळणार कसं?

दुसरं, डायल गेज आहे का? 'हाताने बघतो, अंदाज आहे' असं ऐकलंत तर गाडी परत न्या. छोट्या ॲक्सलमध्ये बॅकलॅश एक ते दोन दशांश मिलिमीटरच्या घरात असतो, नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये. हाताला तो फरक कळत नाही. मला दिवसभर तेच काम करूनही कळत नाही. क्राऊनभोवती तीन-चार जागी मोजायचा, कारण क्राऊन कॅरिअरवर नीट बसलं नसेल तर ते इथेच कळतं. बसण्याच्या दोन्ही पृष्ठभागांवर एखादा कीस राहिला तरी क्राऊन लचकत फिरतं. बोल्ट समोरासमोरच्या जोडीने, टॉर्क रेंचने, लॉकिंग द्रव लावून. माझ्या गाडीत डिफचा गोळा पुढून बाहेर निघतो आणि बाजूच्या चुडीदार नटांनी कॅरिअर डावी-उजवीकडे सरकवता येतं, त्यामुळे शिमांचा, म्हणजे पातळ चकत्या घालून-काढून जागा जुळवण्याचा, खेळ वाचला. एका बाजूचा नट जितका सैल, तितकाच दुसऱ्या बाजूचा आवळायचा, म्हणजे बेअरिंगवरचा ताण बदलत नाही.

हवेच्या लॉकरमध्ये आणखी एक काम असतं. डिफच्या घराला नळीसाठी भोक पाडून चुडी पाडावी लागते, आणि आत तांब्याची बारीक नळी वाकवून सीलपर्यंत न्यावी लागते. ती नळी क्राऊनला घासता कामा नये. कॅरिअर बसवून हाताने पूर्ण फेरे मारून बघितलं, मगच बंद केलं. सुरुवातीचं तेल थोडं वापरून बदलून टाकलं आणि चुंबकी प्लगवर काय जमलं ते पाहिलं. बारीक करडा लेप होता. तो चालतो. चकचकीत कपचे मिळाले असते तर पुन्हा उघडला असता.

वापरताना मी अडथळा दिसला की थांबते, लो रेंजमध्ये असतेच, लॉकर लावते, हातभर पुढे जाऊन दात बसू देते आणि मग चढते. चाक भिरभिरत असताना लावायचा नाही, तेव्हा दातांवर जो घाव बसतो तो मला ऐकवत नाही. पार झालं की सोडते. स्विचवरचा दिवा विझला म्हणजे लॉकर सुटला असं नाही, हे मी नव्या माणसाला आवर्जून सांगते. कित्येक जोडण्यांत तो दिवा फक्त हवा किंवा वीज दिली की नाही एवढंच सांगतो. दोन शाफ्टमध्ये पीळ बसला असेल तर दात एकमेकांना धरूनच राहतात. थोडं सरळ जायचं, स्टिअरिंग हलकंसं डावं-उजवं करायचं, पीळ सुटला की दात मोकळे होतात. मग कडक रस्त्यावर यायचं.

चाक न फिरवता चढल्यामुळे वाटही कमी उखडते. आम्ही गेल्यावर मागे राहिलेल्या चाकोऱ्या आणि लॉकर नसताना राहायच्या त्या, यांत उघड फरक दिसतो. ज्यांना इतरांच्या वाटेची काळजी आहे त्यांना हा मुद्दा ताकदीपेक्षा मोठा वाटावा.

पुढचा ॲक्सल अजून ओपनच आहे. भावोजी दर वेळी विचारतात, "वहिनी, पुढचा कधी?" पुढचे जॉइंट उघडून त्यांची अवस्था बघितल्याशिवाय नाही, असं मी त्यांना सांगितलंय. मुळात मागचा लावूनही अडलो अशी जागा आली की बहुतेक वेळा वाट बदलूनच पुढे जाता येतं. मग ते त्यांचा विंच, म्हणजे दोराने गाडी ओढून काढणारं यंत्र, काढायला धावतात, आणि तो एक स्वतंत्र विषय आहे.